पेन्सिल सेल कोणते घ्यावेत?

परीक्षा संपत आल्या की या सदराच्या टपालात जुन्या गेमबॉयची, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या गेम-यंत्राची, पत्रं येऊ लागतात. माळ्यावरचा डबा खाली उतरतो, मामाने दुबईहून नाहीतर काकाने अमेरिकेहून आणलेलं यंत्र सापडतं, मुलं ते हातातून सोडत नाहीत आणि आठवडाभरात घरात रिकाम्या सेलांचा ढीग पडतो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता पुण्यात दुरुस्तीचं टेबल चालवते आणि ही यंत्रं मला मनापासून आवडतात. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं सेलांबद्दलच आहेत, म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न : ताई, माझ्या भावाने त्याचा लहानपणचा गेमबॉय ॲडव्हान्स न्यू जर्सीहून माझ्या मुलासाठी पाठवला. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे सेल दोन दिवसही पुरत नाहीत. ऑनलाइन रिचार्जेबल बघितले तर २००० पासून ४८०० एमएएचपर्यंतचे दिसतात. सगळ्यात मोठ्या आकड्याचे घेतले तर चांगलं ना? आणि त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, गेमला तर दीड व्होल्टचे सेल लागतात. यंत्र बिघडणार नाही ना?
— एक आई, ठाणे

उत्तर : ४८०० लिहिलेले सेल घेऊच नका. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेल किती वीज साठवतो त्याचं माप. पेन्सिल सेल म्हणजे एए आकाराचा सेल. एवढ्याशा नळकांडीत निकेल-मेटल हायड्राइडचं, म्हणजे रिचार्जेबल सेलात असतं ते, जेवढं साहित्य मावतं, त्यातून २७००-२८०० एमएएचच्या वर खरी क्षमता निघत नाही. त्यापुढचा आकडा फक्त वेष्टनावर असतो. असे सेल माझ्याकडे येतात तेव्हा मी ते पूर्ण चार्ज करून मोजून बघते, आणि पुष्कळदा ते हजारसुद्धा भरत नाहीत. तुम्हाला मोजायचं साधन नको. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सेल ठेवा. चांगला २००० एमएएचचा सेल २६-२७ ग्रॅम भरतो. ४८०० म्हणवणारा सेल त्याहून हलका निघाला, तर त्याची किंमत तिथेच कळली.

आता व्होल्टेजची काळजी. यंत्र बिघडणार नाही, अगदी निश्चिंत राहा. अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरून टाकायचा चांगला सेल, नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर असतो, पण खेळ सुरू झाला की तो उतरणीलाच लागतो. निम्मा संपेपर्यंत तो १.२च्या जवळ आलेला असतो आणि उरलेला वेळ त्याच्याही खाली काढतो. यंत्र बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं, त्यामुळे खालच्या व्होल्टेजवर चालायची सोय यंत्रातच केलेली असते. रिचार्जेबल सेलची चाल वेगळी. चार्जरमधून काढल्यावर तो १.४च्या आसपास असतो, लवकरच १.२५वर येतो आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच टिकून राहतो. म्हणजे वेष्टनावरचा आकडा लहान असला तरी खेळाच्या उत्तरार्धात रिचार्जेबल सेल अल्कलाइनपेक्षा जास्त व्होल्टेज देत असतो.

शिवाय रिचार्जेबल सेलच्या आत करंटला होणारा रोध (रेझिस्टन्स) खूप कमी असतो. अल्कलाइनच्या मानाने कित्येक पट कमी. यंत्राने अचानक जास्त करंट मागितला, आवाज मोठा झाला, पडद्यावर धुमश्चक्री सुरू झाली, तरी तो खाली बसत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातले जे सेल दोन दिवसही पुरत नाहीत, ते बहुधा झिंक-कार्बनचे आहेत. पाकिटावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं, पण ते भिंतीवरच्या घड्याळाचे आणि टीव्हीच्या रिमोटचे सेल आहेत. त्यांचा तिथे काही दोष नाही. गेमबॉय ॲडव्हान्स २००१ साली बाजारात आला तेव्हा दोन अल्कलाइन सेलांवर साधारण १५ तास चालेल, असं निन्टेन्डोने सांगितलं होतं. तो आकडा झिंक-कार्बनकडून कधीच मिळणार नाही.

मग घ्यायचं काय? पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं लिहिलेले, १९०० ते २१०० एमएएचचे सेल. मी स्वतः पॅनासोनिकचे पांढरे एनलूप वापरते. दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचे या जातीचे सेलही चालतील. मात्र ही जात सोडू नका, कारण सगळा फरक तिथे आहे. जुन्या पद्धतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल गळक्या माठासारखे होते. चार्ज करून ठेवले की महिन्याभरात पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, आपोआप नाहीसा व्हायचा. मुलं रोज त्याच गेमवर बसत नाहीत. शाळा असते, क्रिकेट असतं, मध्येच आठ-पंधरा दिवस यंत्र पडून राहतं. मग सुट्टीच्या दिवशी हातात घेतलं की सेल उतरलेले, आणि पोर हिरमुसतं. सान्यो कंपनीने २००५ साली एनलूप बाजारात आणले ते नेमकी ही गळती रोखून. पुढे सान्यो पॅनासोनिककडे गेली, पण सेल तेच नाव घेऊन राहिले. या जातीचा चांगला सेल वर्षभर कपाटात ठेवला तरी ८० टक्क्यांहून जास्त चार्ज धरून असतो.

याच घराण्यात काळे, २५०० एमएएचचे सेलही मिळतात. ठाण्याच्या ताई, ते तुम्हाला नकोत. एकेका चार्जमध्ये तीन-चार तासांचा खेळ वाढेल हे खरं, पण त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे पांढरा सेल २१०० वेळा चार्ज होतो आणि काळा ५०० वेळा. घरच्या वापरात हे आकडे गाठले जात नाहीत, सेल त्याआधीच वयाने थकतात. तरी कोणता सेल कणखर आहे ते त्यावरून कळतं. काळे सेल फोटोग्राफरच्या फ्लॅशसाठी आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पांढराच द्यावा.

चार सेल घ्या. दोन यंत्रात, दोन चार्ज होऊन तयार. चौघांवर मार्करने खूण करा : एका जोडीवर ‘क’, दुसऱ्या जोडीवर ‘ख’, आणि शेजारी विकत घेतल्याचा महिना. क चा जोडीदार कायम क च. जुना आणि नवा सेल एकत्र घातला की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातून करंट ढकलत राहून त्याला उलटं चार्ज करतो. त्या उलट्या चार्जने जेवढा सेल खराब होतो, तेवढा वर्षभराच्या खेळण्यानेही होत नाही.

एक गोष्ट मुलाला समजावून सांगा. या यंत्राचा दिवा हिरवा असतो आणि सेल संपत आले की लाल होतो. अल्कलाइनवर लाल दिवा लागल्यानंतरही बराच वेळ मिळतो. रिचार्जेबल शेवटपर्यंत सपाट चालून एकदम कोसळतात, त्यामुळे लाल दिवा दिसला की हातातला खेळ सेव्ह करायचा आणि सेल बदलायचे. ‘फक्त ही एक लेव्हल’ म्हणत बसायचं नाही.

प्रश्न : मॅडम, गेमबॉय कलरमध्ये चांगल्या कंपनीचे रिचार्जेबल सेल घातले. पूर्ण चार्ज केलेले. अर्ध्या तासात लाल दिवा मंद होतो आणि यंत्र बंद पडतं. तेच सेल कॅमेऱ्यात व्यवस्थित चालतात. अल्कलाइन घातले की गेमही बरा चालतो. म्हणजे गेमबॉयला रिचार्जेबल चालत नाहीत, असंच ना?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. तुमचे सेल चांगले आहेत, ते कॅमेऱ्याने सिद्ध केलं. मधल्या वाटेवर व्होल्टेज अडतंय. सावंतवाडीचा पत्ता वाचला आणि मला वाटेचाच संशय आला. कोकणातला पाऊस आणि दमट हवा धातूच्या पट्ट्यांवर, स्विचच्या आत थर धरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेलं जवळजवळ प्रत्येक यंत्र उघडल्यावर मला तो काळपट थर दिसतो.

साधा मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा. सेल यंत्रात, मागचं झाकण काढलेलं, गेम चालू. आधी एका सेलच्या दोन टोकांना मीटरच्या वायरींची दोन टोकं लावा. १.२ च्या वर दिसलं, तर सेल बरोबर. आता खरी मोजणी. मीटरचं एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरं टोक त्याच टोपीला चिकटलेल्या यंत्राच्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकलेली आहेत, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. ०.०१च्या आतबाहेर आलं तर ठीक. ०.१ किंवा ०.२ दिसलं, तर तेवढं व्होल्टेज त्या थरात खर्च होतंय. अल्कलाइन जोडी तीन व्होल्टच्या वर सुरुवात करते, तिला ही गळती काही काळ परवडते. रिचार्जेबल जोडी अडीचवर चालते, तिला परवडत नाही. तुमच्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

पट्टीवर पांढरी-निळसर पूड असेल तर ती जुन्या अल्कलाइन सेलच्या गळतीची. ती क्षार जातीची असते, म्हणून कानाच्या बडला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. फसफस थांबली की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून कोरडं होऊ द्या. व्हिनेगर तसंच ठेवलं तर तेच पट्टी खाईल. काम झाल्यावर हात धुवा, पूड डोळ्यांजवळ नेऊ नका. सँडपेपर मात्र वापरू नका. पट्टीवर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो खरवडला की आतला धातू पुढच्या पावसाळ्यात आणखी जोरात गंजतो.

पट्ट्या स्वच्छ असतील तर दोष चालू-बंद करायच्या स्विचमध्ये आहे. या जुन्या यंत्रांत सगळा करंट त्या सरकत्या स्विचमधून जातो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या आतल्या पात्या काळ्या पडतात. सेल काढा. स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी लहान फवारा मारा, किंवा ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलचे दोन-तीन थेंब सोडा. मग स्विच पंचवीस-तीस वेळा मागेपुढे सरकवा. अर्धा-पाऊण तास उघडं राहू द्या आणि मग सेल घाला. क्लीनर बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि आता तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही मिळतो. यानेही फरक पडला नाही तर स्विच बदलावा लागेल. ते काम सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

रिचार्जेबल चालत नाहीत म्हणून टाकून दिलेले चांगले सेल आणि बिघडलं म्हणून भंगारात गेलेली चांगली यंत्रं मी इतकी पाहिली आहेत की हे उत्तर मुद्दाम लांबवलं. तुमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे असंच यंत्र असेल, तर त्यांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न : यूएसबी-सी केबलने थेट चार्ज होणारे, पक्के १.५ व्होल्ट देणारे लिथियम पेन्सिल सेल घेतले. पाकिटावर ३५०० लिहिलं आहे. पण गेमबॉय ॲडव्हान्सच्या स्पीकरमधून सतत किरकिर येते आणि कधीही न सांगता यंत्र बंद पडतं. काय करू?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ते सेल टीव्हीच्या रिमोटला नाहीतर टॉर्चला द्या आणि गेमसाठी निकेलचे घ्या.

किरकिर कुठून येते, ते तुला कळायला हवं. या सेलच्या आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम-आयन सेल असतो आणि डोक्यात एक कन्व्हर्टर. तो ३.७ चे १.५ करतो. त्यासाठी आतला स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. गेमबॉय फार थोडा करंट घेतो. एवढ्या हलक्या लोडवर बरेचसे कन्व्हर्टर थांबत-थांबत चालतात आणि त्या थांबण्या-चालण्याची लय कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरते. त्या काळच्या यंत्रातल्या ऑडिओ सर्किटला असली लहर गाळायची गरजच नव्हती, कारण पेन्सिल सेल म्हणजे शुद्ध, शांत डीसी. हेडफोन लावलेस तर किरकिर आणखी स्पष्ट होईल.

न सांगता बंद पडणं हा त्याच कन्व्हर्टरचा दुसरा परिणाम. आतला सेल रिकामा होईपर्यंत बाहेर दीडच व्होल्ट दिसतात, त्यामुळे दिवा हिरवाच राहतो, आणि शेवटी कन्व्हर्टर एकदम तोडतो. सेव्ह करायला संधी मिळत नाही. काही कंपन्यांचे सेल संपत आले की मुद्दाम व्होल्टेज १.१च्या आसपास आणतात, तेवढा प्रकार बरा.

पाकिटावरचे ३५०० परत बघ. बहुधा ते एमडब्ल्यूएच, म्हणजे मिलिवॉट-तास असतील. त्याला दीडने भाग : साधारण २३३० एमएएच. निकेलचा २००० एमएएचचा सेल गुणिले १.२ म्हणजे २४०० मिलिवॉट-तास. लिथियममध्ये ऊर्जा जास्त आहे हे खरंच, पण पाकिटावर दिसते तेवढी तफावत नाही.

आणि एक इशारा, तुझ्यासह सगळ्यांना. १४५०० नावाचा सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्यात कन्व्हर्टर नसतो. तो नुसता ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आहे, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. दोन घातले तर तीन व्होल्टच्या यंत्रात आठच्या वर व्होल्ट जातील आणि यंत्र त्याच क्षणी संपेल. हॉस्टेलवर कुणी टॉर्चमधून काढून ‘हे घाल, जास्त चालतात’ म्हणाला, तर अजिबात घालू नकोस.

नागपूरचा आहेस म्हणून आणखी एक. मे महिन्यात सेल दुपारी चार्ज करू नकोस. चाळीस अंशांच्या वर निकेलचा सेल नीट चार्ज घेत नाही, आत जाणारी वीज उष्णता होऊन बाहेर येते. पहाटे किंवा रात्री उशिरा, कूलरच्या खोलीत चार्ज कर. उन्हातल्या गाडीत सेल ठेवणं तर पूर्ण टाळ.

प्रश्न : आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते. सेलसोबत मिळालेला चार्जर दहा तासांनी आपोआप बंद होतो असं पाकिटावर आहे. तरी सेल इतके तापतात की हात लावत नाही. वर्षाच्या आत सेलांचा दम गेला.
— शिक्षक, उदगीर

उत्तर : सर, तुमचा चार्जर टायमरवर चालतो. सेल भरला की नाही, हे तो बघत नाही, फक्त तास मोजतो. लाइट गेली की त्याची मोजणी पुसली जाते आणि लाइट आली की तो शून्यापासून पुन्हा दहा तास मोजतो. आठ तास चार्ज झालेला सेल असा अठरा तास भाजला जातो. दिवसातून दोनदा लाइट गेली तर किती, ते तुम्हीच काढू शकाल. सेल तिथेच मेले.

तुम्हाला हवा तो चार्जर दोन गोष्टींवरून ओळखा. पहिली, प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा. एकच सेल घालूनही जो चार्ज करतो, तो प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष देतो. जोडीनेच चार्ज करणारा नको, कारण जोडीतला एक भरलेला असला तरी तो दोघांनाही सारखंच ढकलतो. दुसरी, सेल भरल्याचं ओळखून थांबणारा. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचं चढत आलेलं व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली येतं. चांगला चार्जर ती घसरण पकडतो आणि थांबतो. पाकिटावर ‘डेल्टा व्ही’ किंवा ‘स्मार्ट’ लिहिलेलं असतं. अशा चार्जरला लाइट जाण्याचा त्रास नाही. लाइट आली की तो सेल तपासतो, भरलेला असेल तर थोड्याच वेळात सोडून देतो.

चार्ज करायला अर्धा ते एक अँपिअर करंट देणारा चार्जर २००० एमएएचच्या सेलला योग्य. फार हळू दिलं तर ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला सापडत नाही. पंधरा मिनिटांत चार्ज करून देतो म्हणणाऱ्याच्या नादीही लागू नका. शेवटी सेल कोमट होणं स्वाभाविक आहे. हात लावत नाही इतका तापला तर काहीतरी चुकतंय.

चार सेल आणि असा चार्जर मिळून खर्च दोन-अडीच हजारांच्या घरात जातो. एकदम बोजा वाटला तर आधी चार्जर चांगला घ्या, सेल दोनच घ्या. खराब चार्जर महागातले सेलही खातो. चांगला चार्जर मध्यम सेलही वर्षानुवर्षं टिकवतो.

तुम्ही पत्रात विचारलं आहे की सेल पूर्ण संपवूनच चार्ज करावा का. ती सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली. आताच्या सेलांना गरज नाही. मधेच चार्ज केलेत तरी चालतं, उलट पार रिकामे करत राहणंच त्यांना बाधतं.

प्रश्न : वडिलांनी १९९२ मध्ये घेतलेला सेगा गेम गिअर आहे. सहा सेल लागतात आणि तीन-चार तासांत सगळे संपतात. सेल खराब आहेत का?
— मराठी कुटुंब, शारजा

उत्तर : सेल खराब नाहीत, यंत्राची भूकच तेवढी आहे. गेम गिअरचा पडदा रंगीत, आणि मागे उजेडासाठी छोटी फ्लुरोसंट नळी जळते. १९९० साली तो आला तेव्हाही सहा अल्कलाइन सेलांवर तीन ते पाच तासच चालायचा. चार सेलांवर कितीतरी जास्त तास चालणारा, करड्या-हिरव्या पडद्याचा १९८९ चा गेमबॉय त्याच्यापुढे टिकला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. गेमबॉयच्या मागे असलेल्या गुन्पेई योकोईंनी दिव्याशिवायचा साधा पडदा निवडला तो याचसाठी.

रिचार्जेबल तुम्हीच सगळ्यात आधी घ्यायला हवेत. सहा सेल एकत्र घ्या, एकत्र चार्ज करा, एकत्र वापरा. सहांच्या माळेत एक अशक्त निघाला तर बाकी पाच मिळून त्याला उलटं चार्ज करतात. पडदा मंदावला की लगेच बंद करा, शेवटच्या थेंबापर्यंत ताणू नका. आवाज बारीक झाला असेल किंवा चित्र फिकट असेल तर तो दोष सेलचा नाही. या यंत्रातले कपॅसिटर वयाने गळतात आणि ते बदलावेच लागतात.

प्रश्न : पोकेमॉन गोल्डची कार्ट्रिज आहे. खेळ चालतो, पण बंद केला की सेव्ह राहत नाही. आत बटन सेल असतो म्हणे. तोही रिचार्जेबल घालता येईल का, म्हणजे पुन्हा बदलायला नको?
— वाचक, सातारा

उत्तर : नाही, इथे रिचार्जेबल घालायचा नाही. त्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळाच्या कॅसेटमध्ये, सीआर२०२५ हा तीन व्होल्टचा लिथियम बटन सेल आहे. सेव्ह सांभाळणं आणि घड्याळ चालवणं, दोन्ही त्याच्यावर. घड्याळ सतत चालतं, म्हणून पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांतले सेल इतरांपेक्षा आधी संपतात. एलआयआर नावाचे रिचार्जेबल बटन सेल मिळतात, पण त्यांचं व्होल्टेज भरल्यावर ४.२ पर्यंत जातं, क्षमता नव्या साध्या सेलच्या मानाने फारच कमी असते आणि कार्ट्रिजमध्ये चार्ज करायची सोय नसते.

साधा नवा सीआर२०२५ घ्या, पण दोन बाजूंना पट्ट्या जोडलेला, म्हणजे टॅब असलेला. नुसत्या सेलवर सोल्डरिंगची कांडी टेकवू नका, बंदिस्त लिथियम सेल तापून फुटू शकतो. सेलो टेपने चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर तोही नको. दोन महिन्यांनी टेप सुटते आणि सेव्ह पुन्हा जातं.

घरात लहान मूल असेल तर जुना सेल काढल्या क्षणी दोन्ही बाजूंना टेप लावून उंचावर ठेवा. बटन सेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, उलटी करवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

प्रश्न : गेमबॉय ॲडव्हान्स एसपीचं मागचं झाकण वर उचललं गेलंय. दाबून बसवलं तर चालेल का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : दाबू नका. एसपीत पेन्सिल सेलांऐवजी असते ती आतली लिथियम-आयन बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, झाकणाचा छोटा स्क्रू सोडवा, बॅटरी हलक्या हाताने बाहेर काढा. टोचायची नाही, वाकवायची नाही. नवी घेताना मूळ बॅटरी ६०० एमएएचची होती हे लक्षात ठेवा. थोडं जास्त लिहिलेलं असेल तर ठीक, तिप्पट लिहिलं असेल तर तो विक्रेता सोडा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर किंवा मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात द्या. तोवर ती धातूला न टेकता, मातीच्या कुंडीत गच्चीवर सावलीत ठेवा.

प्रश्न : मला गेमबॉय माहीत नाही, पण जत्रेतून आणलेला ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम नातवाला फार आवडतो. त्यालाही तुमचे महागडे सेल घ्यावेत का?
— एक आजी, पंढरपूर

उत्तर : आजी, त्याला नकोत. ब्रिक गेमचा पडदा कॅल्क्युलेटरसारखा असतो, करंट अगदी थोडा खातो. तिथे रिचार्जेबलचा फायदा दिसतच नाही, आणि व्होल्टेज सांभाळणारं सर्किट नसल्यामुळे १.२च्या सेलांवर पडदा थोडा फिका पडू शकतो. नावाजलेल्या कंपनीचे दोन अल्कलाइन सेल घाला, नातवाची अख्खी सुट्टी त्यावर निघेल. तो परत शहराकडे निघाला की मात्र सेल काढून यंत्र वेगळं ठेवा. तसेच आत राहिले तर दिवाळीपर्यंत गळून पट्ट्या खातील.